दंतरोपणांची संख्या

पडलेल्या किंवा काढलेल्या दातांच्या जागी जबड्याच्या हाडात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम दंतमुळास इम्प्लांट म्हणतात. ते बहुधा टायटॅनियमचे असते. प्रत्येक दातासाठी स्वतंत्र इम्प्लांट लागतेच असे नाही. त्यांची संख्या हाडाची स्थिती, चावण्याचा भार आणि वर बसवायच्या दातांचा प्रकार यांवर ठरते.

== पार्श्वभूमी ==
टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी प्रथमच मानवी जबड्यात अशी इम्प्लांट बसवली.

== काही दात नसल्यास ==
एका दातासाठी एक इम्प्लांट पुरते. सलग तीन दात नसल्यास दोन टोकांना दोन इम्प्लांट बसवून त्यांवर तीन दातांचा ब्रिज बसवता येतो. दोन इम्प्लांटमध्ये सुमारे ३ मिलिमीटर, तर इम्प्लांट व नैसर्गिक दात यांत सुमारे १.५ मिलिमीटर हाड राखले जाते. त्यामुळे समोरच्या अरुंद दातांच्या जागी दाटीने इम्प्लांट बसवणे टाळतात. अक्कलदाढेच्या जागी सहसा इम्प्लांट बसवत नाहीत.

== सर्व दात नसल्यास ==
खालच्या जबड्यातील काढघाल करता येणारी कवळी स्थिर राहण्यासाठी दोन इम्प्लांट पुरेशी ठरू शकतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीत याच उपचाराला खालच्या जबड्यासाठी पहिली पसंती देण्यात आली. पक्क्या दातांसाठी अधिक आधार लागतो. पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत चार इम्प्लांटवर पूर्ण दंतपंक्ती बसवतात आणि मागील दोन तिरकी ठेवतात. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने मऊ असते व दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. त्यामुळे तेथे काढघालीच्या कवळीसाठीही साधारणतः चार, तर पक्क्या दातांसाठी चार ते सहा किंवा अधिक इम्प्लांट योजतात.

== निर्णयाचे निकष ==
हाडाची उंची व जाडी सीटी स्कॅनने तपासतात. दात खाण्याची सवय असल्यास भार वाढतो. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. इम्प्लांट कमी असल्यास खर्च आणि शस्त्रक्रिया मर्यादित राहतात. मात्र त्यांपैकी एक निकामी झाल्यास वरची संपूर्ण दंतरचना धोक्यात येऊ शकते. जास्त इम्प्लांटमुळे भार विभागला जातो, पण ती फार जवळ असल्यास स्वच्छता कठीण होते आणि हिरड्यांचा दाह व हाडाची झीज संभवते.