दोन बादशहांची अदलाबदल

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला थिबा पॅलेस दाखवायचा, मग थिबा पॉइंटवर नेऊन खाडी दाखवायची, हा ठरलेला रिवाज. तो मी कितीदा पाळला असेल, मोजदाद नाही. पण त्याच थिबा राजाच्या कबरीपाशी मी कधी उभा राहिलो नव्हतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती रंगूनमध्ये.

२०१४ च्या डिसेंबरात पाठीवर एक सॅक टाकून मी ब्रह्मदेशात हिंडत होतो. चाळिशी उलटलेल्या माणसाचं हे वेड घरच्यांना काही पटलेलं नव्हतं. रंगूनसाठी हाताशी एकच दिवस होता. शहराला आता यांगून म्हणतात, पण लहानपणी कानावर पडलेलं नाव जिभेवरून जात नाही.

सकाळी सुले पॅगोडाजवळ बुटक्या स्टुलावर बसून चहा घेतला. समोर पॅगोडा, पलीकडे मशीद. आजूबाजूचे काटकोनात आखलेले रस्ते इंग्रजांचे. १८५२ च्या लढाईत शहर जिंकल्यावर त्यांनी ते नव्याने आखलं. १९३१ च्या शिरगणतीत इथली निम्म्याहून अधिक वस्ती हिंदुस्थानी होती. एका रस्त्याचं नावच मुघल स्ट्रीट होतं. ते नाव आता बदललंय.

तिथून चालत श्वेडगॉन पॅगोडाकडे निघालो. पॅगोडाच्या दक्षिण पायथ्याशी, रस्त्यालगत राणी सुपायालतची पांढरी कबर आहे. थिबाची पट्टराणी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी दोन आठवड्यांत मंडाले घेतलं आणि राजाराणीला आधी मद्रासला, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं! जांभ्या दगडाचा आणि ब्रह्मी सागवानाचा तो राजवाडा तयार झाला १९१० साली; म्हणजे थिबाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. १९१६ मध्ये तो गेला. त्याचा देह मायदेशी नेण्याची परवानगी मिळाली नाही. कुटुंबाने आशेवर शवपेटी ठेवून दिली आणि अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच तिला कबर मिळाली. त्याच वर्षी सुपायालत रंगूनला परतली. १९२५ मध्ये तिचं निधन झालं. मंडालेला तिलाही जाऊ दिलं नाही. नवरा आमच्या गावात, बायको इथे.

दुपारी तिथून जवळच असलेल्या बहादुरशहा जफरच्या दर्ग्यात गेलो. खरं तर याच्यासाठीच मी रंगूनला आलो होतो. मोडक्यातोडक्या का होईना, ओळी लिहिणाऱ्या माणसाला या बादशहाची ओढ असतेच. त्याच्या नावावर गायल्या जाणाऱ्या काही गझला त्याच्या नाहीतच, असं अभ्यासक म्हणतात. म्हणोत. लाल किल्ल्यात खटला चालवून १८५८ च्या ऑक्टोबरात त्याला बैलगाडीतून दिल्लीबाहेर काढलं आणि डिसेंबरात रंगूनच्या छावणीत आणून ठेवलं. कागद, शाई, लेखणी, काही द्यायचं नाही असा हुकूम. सत्त्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा ७ नोव्हेंबर १८६२ रोजी पहाटे गेला. त्याच दिवशी चार वाजता घाईने दफन उरकलं. सोबत दोन मुलगे आणि एक मौलवी. कबरीवर खूण ठेवली नाही. भोवतालचं बांबूचं कुंपण कुजेपर्यंत गवत वाढेल आणि जागेचा मागमूस राहणार नाही, अशी देखरेखीवरच्या कॅप्टन डेव्हिसची अटकळ होती आणि ती त्याने लिहूनही ठेवली.

अटकळ जवळजवळ खरी ठरली. मुसलमानांनी मागणी लावून धरल्यावर १९०७ मध्ये एक दगड बसवला गेला. बादशहाला ‘या जागेजवळ’ पुरलं, एवढंच त्याच्यावर लिहिलेलं. १९४३ मध्ये सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेसह मानवंदना दिली ती या अंदाजाच्या जागेला. खरी कबर सापडली १९९१ च्या फेब्रुवारीत, नाली खोदताना! जमिनीखाली तीन-साडेतीन फुटांवर, विटांनी बांधलेली. आज चार पायऱ्या उतरून तिथे जावं लागतं. हिरवी चादर, गुलाबाच्या पाकळ्या, अगरबत्तीचा वास. बायका मुलांना घेऊन दुआ मागायला येत होत्या. त्यांच्या लेखी हा बादशहा नसून पीर आहे. शेजारी बेगम झीनत महल. ती गेली १८८६ मध्ये, थिबाने रत्नागिरीत पाऊल ठेवलं त्याच साली.

फातेहा वाचून वर आलो. तिथे बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मोडक्या उर्दूत गाव विचारलं. सहसा मी मुंबई सांगतो. त्या दिवशी रत्नागिरी म्हणालो. ते सरसावून बसले. “रत्नागिरी? आमचा थिबा मिन तिथेच ना?” मिन म्हणजे राजा. मी हो म्हटलं. “तुमच्या बादशहाला आम्ही रोज फुलं घालतो. आमच्या राजाला तिथे कोण घालतं?”

मला उत्तर देता आलं नाही. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन त्या कबरीचं दर्शन घेऊन गेले होते. मी तेव्हा गावातच होतो. रस्ते बंद असतील म्हणून घराबाहेरही पडलो नव्हतो. थिबाच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू आमच्याच गावात मराठी बोलत, हलाखीत जगली आणि २००० साली वारली. तिला मी कधी राजाची नात म्हणून पाहिलं नाही. त्या गृहस्थांना हे काय सांगणार? “जातात लोक,” असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्या हातावर तबर्रुक म्हणून चार पाकळ्या ठेवल्या.

संध्याकाळी श्वेडगॉन पाहिला. सोन्याने मढवलेला, सुमारे शंभर मीटर उंच. मावळतीला तो जो काही दिसतो, त्याचं वर्णन इतरांनी भरपूर केलंय. मी मात्र अनवाणी फिरताना जफरच्या घराची दिशा शोधत होतो. कैदेच्या त्या चार वर्षांत हे शिखर त्याला दिसत असणारच.

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारातून अबोलीचे दोन वळेसर घेतले आणि विचारत विचारत थिबाच्या कबरीपाशी गेलो. भोवती घरं झालेली. दोन कबरी शेजारी शेजारी, एक राजाची आणि दुसरी धाकटी राणी सुपायागलेची. फुलं वाहिली. समोरच्या गॅलरीतून एक बाई मघापासून बघत होत्या.

“कुठून आलात? ब्रह्मदेशातून?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, “नाही हो वहिनी, इथलाच.”