निरोग्याचे रक्त : एका वार्षिक प्रथेचा इतिहास

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे, ही गोष्ट आता शहरी मराठी घरांत गृहीत धरली जाते. सकाळी रक्त द्यायचे, संध्याकाळी मोबाइलवर अहवाल यायचा आणि ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा पाहून काळजीत पडायचे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. प्राप्तिकरात २०१२-१३ पासून प्रतिबंधात्मक तपासणीसाठी पाच हजार रुपयांपर्यंतची वजावट आल्याने या प्रथेला सरकारी मान्यताही मिळाली. पण काहीही दुखत नसताना रक्त का तपासायचे, आणि त्यात नेमके काय पाहायचे, हे कोणी व केव्हा ठरवले? त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

निरोगी माणसाने कसे राहावे याचा विचार आपल्याकडे दिनचर्या आणि ऋतुचर्येच्या रूपाने फार पूर्वीपासून आहे. धडधाकट दिसणाऱ्या शरीरात दडलेला रोग ठरावीक काळाने शोधत राहावा, ही कल्पना मात्र आधुनिक आहे. लंडनचे छातीविकारतज्ज्ञ होरेस डोबेल यांनी १८६१ मध्ये ती आग्रहाने मांडली. क्षयासारखा रोग रुग्णाला जाणवतो तोवर बराच पुढे गेलेला असतो, म्हणून ठरावीक काळाने सर्वांचीच तपासणी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत जॉर्ज गोल्ड यांनी १९०० मध्ये तोच विचार तेथील वैद्यक संघटनेपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

तो मनावर घेतला विमा कंपन्यांनी. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली ‘लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली आणि मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या ग्राहकांना तिच्यामार्फत तपासणी देऊ केली. यामागचा हिशोब सरळ होता. पॉलिसीधारक जितका अधिक जगेल, तितके हप्ते अधिक आणि दावा तितका उशिरा. म्हणजे या प्रथेच्या मुळाशी आरोग्याची आस्था होती, तसा व्यवहारही पहिल्यापासून होता.

त्या काळच्या तपासणीत वजन, रक्तदाब आणि लघवी यांना महत्त्व होते. रक्तातल्या रसायनांना फारसे नव्हते. मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेह्याच्या लघवीतच नव्हे, तर रक्तातही गोडवा असतो हे १७७६ मध्येच दाखवले होते. पण रक्तातली साखर मोजणे किचकट होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑटो फॉलिन आणि त्यांचे सहकारी वू यांनी थोड्या रक्तात भागणारी पद्धत बसवली, तरी प्रत्येक नमुना हातानेच तपासावा लागे. त्यामुळे डॉक्टरला शंका आली तरच एखादी चाचणी सांगितली जाई.

हे चित्र पालटले ते एका यंत्रामुळे. अमेरिकेत क्लीव्हलंड येथील लिओनार्ड स्केग्स यांनी असे यंत्र तयार केले की, बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहत जातील आणि मध्ये हवेचे बुडबुडे असल्याने ते एकमेकांत मिसळणार नाहीत. टेक्निकॉन कंपनीने हा ‘ऑटोॲनालायझर’ १९५७ मध्ये बाजारात आणला. पुढच्या दशकात याच कंपनीचे यंत्र तासाला ६० नमुन्यांवर प्रत्येकी १२ चाचण्या करू लागले. आता एक चाचणी करणे आणि बारा करणे यांच्या खर्चात फारसा फरक उरला नाही. आजच्या ‘पॅकेज’चा जन्म इथला आहे. बारा चाचण्या एकत्र आल्या त्या रोग्याला बाराची गरज होती म्हणून नव्हे, तर यंत्राला बारा करणे सोपे होते म्हणून.

याची एक बाजू गणिताने समजते. एखाद्या चाचणीची ‘सामान्य’ मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के जण तीत बसतील अशी ठरवलेली असते. म्हणजे उरलेले पाच टक्के निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. चाचण्या परस्परांशी निगडित नाहीत असे धरले, तर १२ चाचण्या केलेल्या निरोगी माणसाचा एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ४६ टक्के होते. २० चाचण्यांना ती ६४ टक्क्यांवर जाते. अहवालातल्या ठळक आकड्यांपैकी काही असे निव्वळ गणिताने उमटलेले असतात.

घाऊक तपासणीने आयुष्य वाढते का, याची कसोटीही त्याच काळात लागली. कॅलिफोर्नियात कैसर संस्थेच्या मॉरिस कॉलेन यांनी १९५१ मध्ये गोदी कामगारांची एकत्रित तपासणी केली होती. १९६४ पासून त्यांनी ३५ ते ५४ वयाच्या लोकांचे प्रत्येकी पाच हजारांहून अधिक जणांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी तपासणीला येण्याचा आग्रह केला, दुसऱ्याला केला नाही. सोळा वर्षांनी पाहता मोठे आतडे व गुदाशयाचा कर्करोग आणि उच्च रक्तदाब यांसारख्या, आधी कळल्यास टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेले मृत्यू पहिल्या गटात कमी होते. पण एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये घेतला. दुसऱ्या आढाव्यात अडीच लाखांहून अधिक लोक होते. सर्वसाधारण आरोग्य तपासणीमुळे एकूण मृत्यू कमी होत नाहीत, असाच त्याचाही निष्कर्ष होता.

मग तपासणी निरर्थकच का? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे उत्तर १९६८ च्या एका पुस्तिकेत सापडते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी लंडनचे विल्सन आणि स्वीडनचे युंगनर यांनी निरोग्यांची तपासणी केव्हा करावी याच्या दहा कसोट्या लिहिल्या. रोग महत्त्वाचा असावा, त्याची लक्षणांपूर्वीची अवस्था ओळखता यावी, चाचणी विश्वासार्ह असावी, आणि मुख्य म्हणजे सापडलेल्या रोगावर मान्य उपचार असावा. युंगनर स्वतः रसायन प्रयोगशाळेतले होते, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. यंत्राची ताकद जाणणाऱ्याच माणसाने त्याला मर्यादा घातली.

या कसोटीला कोलेस्टेरॉल हळूहळू उतरले. फ्रेमिंगहॅम गावात १९४८ मध्ये ५,२०९ लोकांचा पाठपुरावा सुरू झाला आणि वाढलेले कोलेस्टेरॉल हृदयविकाराचा धोका वाढवते, हे १९६१ पर्यंत स्पष्ट झाले. पण आकडा कळून करायचे काय, याचे समाधानकारक उत्तर स्टॅटिन औषधांनी दिले. हृदयरोग्यांत ती जीव वाचवतात हे १९९४ मध्ये सिद्ध झाले, आणि मग या चाचणीला खरा अर्थ आला.

मधुमेहाच्या ‘तीन महिन्यांच्या सरासरी’ची, म्हणजे एचबीए१सीची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. तेहरानचे सॅम्युअल रहबर १९६० च्या दशकात विकृत हिमोग्लोबिन शोधत होते. तेव्हा मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक निराळा पट्टा दिसला. साखर चिकटलेले हिमोग्लोबिन ते हेच. २०१० च्या सुमारास ही चाचणी निदानासाठीही मान्य झाली; ६.५ टक्के ही तिची सीमारेषा. गंमत अशी, की ज्या विकृत हिमोग्लोबिनच्या शोधात ती सापडली, तेच तिला फसवते. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे आकडा खऱ्याहून कमी येतो. वाहकांतही काही पद्धती चुकतात. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात उलट तो वाढलेला दिसू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे, आणि पंडुरोग तर घरोघरी. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साधी साखरच अधिक भरवशाची.

पाश्चात्त्य प्रयोगांचे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही खरे. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपलीच छायाचित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. अशा देशात साखर तपासणे विल्सन-युंगनर यांच्या कसोटीला नक्कीच उतरते. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग एवढेच तपासले जाते. त्या छोट्या यादीतले बरेचसे रक्ताने कळतही नाही. पण ती विचारपूर्वक केलेली यादी आहे.

साठ-सत्तर चाचण्यांची जाहिरात समोर येते तेव्हा म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा बिघडलेला आला, तर माझ्या उपचारात वा वागण्यात काय बदलेल? आणि तो बदल माझ्या हिताचा आहे, हे कोणी तपासले आहे का? साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांच्या बाबतीत उत्तर मिळते. इतर बऱ्याच चाचण्यांच्या बाबतीत ते डॉक्टरांनी आपली लक्षणे आणि घराण्यातले आजार पाहूनच द्यायचे असते. रक्ताची नळी भरण्यापूर्वीच ते मागून घेतलेले बरे.