गोंधळ्याचा गळा

महसुली दप्तराच्या दृष्टीने पाहता, पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याच्या सान्निध्यातले इस्लापूर हे निजामी अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे एक सर्कल होते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने ते मुंबई राज्याकडे वर्ग झाले. परंतु सरहद्दी आखणाऱ्यांच्या हुकमतीबाहेरची एक वहिवाट या मुलखात फार जुनी आहे, ती माहूरच्या रेणुकेच्या गोंधळाची.

लग्नकार्य उरकले की कुळाचाराचा गोंधळ घालावयाचा, आणि पुष्कळशी लग्ने तर मार्गशीर्ष-माघाच्या थंडीत. तेव्हा सागवानी रानावरून उतरणाऱ्या गारठ्यात, दिवटीच्या धुराशेजारी उभे राहून, संबळाच्या कडकडाटावर आवाज चढवीत रात्र जागविणाऱ्या गोंधळ्याला पडसे म्हणजे निव्वळ दुखणे नव्हे, देवीच्या सेवेत पडणारा खंडच होय.

बसलेल्या गळ्याची चिकित्सा आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात स्वरभेदाचे सहा प्रकार वर्णिले, चरकाने कंठास हितकर अशा दहा द्रव्यांचा गण सांगितला, आणि त्यांपैकी ज्येष्ठमध, तसाच रानातला बेहडा, आजही घरोघरी गालात धरला जातो. पुढे १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनगुरूने आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या कंठातील स्वरतंतू हलताना पाहिले. हे स्वरतंतू श्वासमार्गात असल्यामुळे, मुखात धरलेले औषध घशाला ओलावा देत असले तरी त्यांना स्पर्श करीत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती वाफ, आणि पडशाने आलेली त्यांची सूज उतरते ती मुख्यतः विश्रांतीने. त्या सुजेवर जोर करून गाणे, किंबहुना ताणून कुजबुजणेही, अपायकारक ठरते.

मग सारी रात्र गावयाची असलेल्याने विश्रांती घ्यावी कोठे? याचे उत्तर गोंधळाच्या रचनेतच आहे. नायक पद उचलतो आणि साथीदार झील धरतात; तेवढ्या अवकाशात नायकाचा श्वास सावरतो, पुढे आख्यानाच्या निरूपणात गाण्याची पट्टी उतरून बोलीवर येते, आणि गळा अगदीच बसला तर पदाचा भार साथीदाराने उचलावयाचा असतो. कीर्तनातही पूर्वरंग व उत्तररंग यांच्या मधल्या भजनात बुवांच्या कंठाला असाच विसावा मिळतो. ज्येष्ठमधाची कांडी जवळ असावीच. परंतु पडशाच्या दिवसांत गळा राखतो तो झील धरणारा सोबती, आणि त्याच्या हाती पद सोपवून स्वस्थ राहण्याचा नायकाचा विवेक.