गुंजभर सोन्याचा हिशेब

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखणी साहजिकच थोरांच्या चरित्रांकडे वळते. नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांचे लोकोत्तर कार्य, पंढरीच्या नरहरी महाराजांची भक्ती, यांचे स्मरण स्मरणिकेच्या पानांतून करणे हे आपले कर्तव्यच होय. परंतु ज्या असंख्य अनाम कारागिरांनी राहत्या घराच्या पडवीत बागेसरी पेटवून आयुष्य वेचले, त्यांचा इतिहास कोठे शोधावा? आम्हांस वाटते, तो त्यांच्या कामाच्या जागेतील केरात शोधावा. वाचकांनी हे विधान थट्टेचे समजू नये.

सोनाराचे काम सूक्ष्म वस्तूंचे. कुडीची फिरकी, साखळीची कडी, रवा, मणी, डाखाचा तुकडा, कोंदणातून निसटलेला खडा, कानशीने उडालेला कीस, यांतील एकेक वस्तू डोळ्यांत न भरणारी, पण प्रत्येकीचे मोल आहे. जुन्या मापाने आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. गुंज म्हणजे आजच्या मापाने सुमारे १२१ मिलिग्रॅम. दररोज एकच गुंज सोने जमिनीवर सांडले व सापडले नाही, तर कामाच्या ३०० दिवसांत तीन तोळे दीड मासा सोने नाहीसे होईल. ज्या कारागिराचे पोट केवळ घडणावळीवर चालते, त्याचा संसार एवढ्या तुटीने बुडाल्यावाचून राहणार नाही.

यात खरी मेख अशी की, हे सोने बहुधा त्याचे स्वतःचे नसे. गिऱ्हाइकाने विश्वासाने हाती दिलेले, वजन करून घेतलेले व वजन करूनच परत द्यावयाचे असे ते परधन. धातू वितळविताना किती घट धरावी, याचे प्रमाण याज्ञवल्क्यस्मृतीने घालून दिले आहे. शंभर पलांमागे रुप्यात दोन पले, तांब्यात पाच, कथील व शिसे यांत आठ, लोखंडात दहा. सोन्याविषयी मात्र स्मृतिकार सांगतात की, ते अग्नीत क्षीण होतच नाही. अन्य धातूंच्या कारागिरांस शास्त्राने थोडी तरी सूट दिली, सोनारास काहीच दिली नाही. जे कमी भरले ते अग्नीने खाल्ले, असे म्हणण्याची सोय त्यास उरली नाही. ते एक तर त्याच खोलीत कोठे तरी पडलेले असले पाहिजे, नाही तर कारागिराने घेतलेले असले पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या शिरावर जो संशय शतकानुशतके राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात या संशयाचे स्वरूप स्पष्ट दिसते. सुवर्णाध्यक्षाच्या अक्षशालेस चार दालने असावीत, पण द्वार एकच असावे. तेथे नेमलेल्या माणसांवाचून कोणी शिरू नये. कारागिरांची वस्त्रे व हात येता-जाता तपासावेत, त्यांची हत्यारे व अपुरे काम तेथेच राहावे. सोने सकाळ-संध्याकाळ पाहून त्यावर करणाऱ्याची व करविणाऱ्याची अशा दोघांच्या मुद्रा उमटवाव्यात. पुढील अध्यायात सोने लांबविण्याच्या जागा व साधने मोजली आहेत. वजने, अग्नी, पीस, दोरा, वस्त्र, डोके, मांडी, पाण्याचे भांडे, शेगडी, असे कित्येक प्रकार त्यात येतात. आपल्यापैकी कोणास ही यादी वाचून वैषम्य वाटेल. आम्ही ती निराळ्या दृष्टीने वाचतो. चोर ज्या जागी सोने दडवितो, त्याच जागी प्रामाणिक माणसाचे सोने नकळत जाऊन बसते. कौटिल्याने चोरी पकडण्यासाठी केलेली ही यादी सचोटीच्या कारागिरास हरवलेली वस्तू शोधण्याचा नकाशाच होय.

आपल्या घरांतील जुन्या रीती या नकाशाशी ताडून पाहाव्यात. कामास बसताना मांडीवर घट्ट विणीचे फडके पसरीत, म्हणजे कीस धोतराच्या निऱ्यांत न जाता फडक्यात पडे. तापविलेला दागिना विझविण्याचे पाणी व हात धुतलेले पाणी आडवाटेस न फेकता एका भांड्यात निवू देत आणि तळचा गाळ राखून ठेवीत. बागेसरीची राख उकिरड्यावर जात नसे. मणी, रवे, फिरक्या यांस निरनिराळ्या डब्या असत व एक डबी झाकल्यावाचून दुसरी उघडीत नसत. बारीक खडा बोटाने न उचलता मेणाच्या टोकाने उचलीत. कामाच्या जागेचा केर घरच्याच माणसाने काढावा व तो वेगळ्या मडक्यात साठवावा, असा दंडक असे. तो पाळण्याचे श्रेय बहुतेक घरांत स्त्रियांचे आहे. दागिन्यावर घडविणाऱ्याचे नाव कोणी कोरले नाही, मग केर राखणारीचे कोण कोरणार?

साठलेला केर झारेकरी नेई. प्रथम केर जाळून त्याची राख करावयाची, ती कुटून बारीक करावयाची, लोहचुंबकाने अवजारांचा लोखंडी कीस वेगळा काढावयाचा आणि मग पसरट भांड्यात पाण्याने धुवावयाची. सोने पाण्याहून एकोणीसपट जड, त्यामुळे माती वाहून जाते व सोने तळाशी राहते. उरलेले कण पाऱ्यात धरून पारा अग्नीवर उडवीत. त्या वाफा शरीरास घातक, हे आज सर्वांस ठाऊक आहे. शेवटी तेजाबात रुपे व तांबे विरघळवून शुद्ध सोने हाती येई. मुंबईच्या झवेरी बाजारातील रस्त्यांची धूळ गोळा करून तीतून सोने काढणारी माणसे आजच्या काळातही आहेत.

संत नरहरींनी आपल्या अभंगात बागेसरी, मूस, कातरी, ताजवा या धंद्यातील वस्तूंचीच रूपके योजिली. विशेष हा की, चोरीचा लोकापवादही त्यांनी टाळला नाही. आपण चोरतो ते सोने म्हणजे रामनाम, असे सांगून त्यांनी त्या अपवादालाच भक्तीचे रूप दिले.

येथे आमच्या घरची एक हकीकत सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाही. लग्नाच्या आदल्या रात्री एका गिऱ्हाइकाच्या कुडीची फिरकी आमच्या आजोबांच्या हातून निसटली. दिवा जमिनीशी टेकवून घरातील सर्वांनी शोधले, राख चाळली, पाणी गाळले, पण फिरकी मिळाली नाही. आजीने आपल्या गळ्यातील एक मणी काढून दिला. आजोबांनी तो आटवून पहाटेपर्यंत नवी फिरकी केली व दागिना वेळेवर पोहोचविला. दुसऱ्या दिवशी धोतर धुताना जुनी फिरकी निरीत सापडली. त्या रात्री घाईत मांडीवर फडके पसरावयाचे राहिले होते. ती फिरकी आजोबांनी गिऱ्हाइकास नेऊन दाखविली, सारे सांगितले आणि गिऱ्हाइकाच्या संमतीने आपल्या पेटीत वेगळ्या डबीत ठेविली. शिकावयास येणाऱ्या प्रत्येक मुलास ते प्रथम ती डबी उघडून दाखवीत व मगच हाती हातोडी देत.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले व चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. अनेक बागेसऱ्या विझल्या, अनेक कुटुंबांनी वंशपरंपरेचा धंदा सोडला. ती बंदी १९६६ मध्ये उठली, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, परंतु गेलेले हात पुष्कळसे परतले नाहीत. २०२१ पासून दागिन्यांवरील हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. कौटिल्याच्या मुद्रेचेच हे नवे रूप म्हणावयाचे. त्याने सोन्याचा कस सिद्ध होतो व ते इष्टच आहे. परंतु दुरुस्तीस दिलेल्या दागिन्याचा प्रत्येक कण धन्यास परत जाईल, याची हमी आजही कारागिराचे मनच देते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर अजून एखादी जुनी पेटी असेल. मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली याचा आम्हांस आनंदच आहे. तरी ती पेटी भंगारात देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस जवळ बसवावे, प्रत्येक डबीत काय ठेवीत व का ठेवीत ते विचारून लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. थोरांची चरित्रे ग्रंथांत सुरक्षित आहेत. या डब्यांचा इतिहास मात्र सांगणाऱ्यांबरोबर जाईल, आणि तो कोणत्याही झारेकऱ्यास मातीतून परत काढता येणार नाही.