वृद्धाश्रमातील संसर्ग : अब्बा-अम्मींना ठेवण्याआधी काय पाहावे, काय विचारावे

हर्णे, दापोली परिसरातील अनेक मुस्लिम घरांतली तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात असतात. मागे राहतात वयस्कर आई-वडील. काही घरांत पगारी सेवक ठेवला जातो, तर काहींना नाइलाजाने वृद्धाश्रमाचा विचार करावा लागतो. जागा पाहताना आपण खोली, जेवण आणि खर्च विचारतो. संसर्ग रोखण्याची व्यवस्था मात्र विचारायची राहून जाते.

धोका जास्त का?

एकत्र राहणारी वयस्कर माणसे, सामाईक संडास-न्हाणीघर, एकच भटारखाना आणि एकाच सेवकाच्या हातून अनेकांची सेवा, यामुळे आजार लवकर पसरतो. त्यात मधुमेह, दमा, हृदयविकार असला की साधा ताप-खोकलाही न्यूमोनियापर्यंत जातो.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातल्या सोरगाव येथील मातोश्री वृद्धाश्रमात साठहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. त्यातल्या बहुतेकांनी लसीचे दोन्ही डोस घेतले होते आणि अनेकांना लक्षणेही नव्हती. लस आजाराची तीव्रता कमी करते, म्हणून ती घ्यायलाच हवी. पण एका छताखाली राहणाऱ्यांसाठी फक्त लस पुरत नाही, रोजची शिस्तही लागते.

संसर्ग कसा शिरतो?

रहिवासी सहसा बाहेर जात नाहीत. आजार आत येतो तो कर्मचारी, भेटायला येणारे, इस्पितळातून परतलेला रुग्ण किंवा दूषित पाणी यांच्यामार्फत. पुढे तो हातांवरून, खोकल्यातून, चादरी-टॉवेलमधून फिरतो. नेहमी आढळणारे आजार म्हणजे फ्लू, कोरोना, क्षयरोग, जुलाब-उलट्या, खरूज, लघवीचा संसर्ग आणि चिघळलेल्या पाठीच्या जखमा.

रोज पाळायच्या गोष्टी

- हात : प्रत्येक रहिवाशाला हात लावण्याआधी आणि नंतर, डायपर बदलल्यावर आणि जेवण वाढण्याआधी साबणाने धुवावेत. दिवसातून पाच वेळा वुजू होतो म्हणून साबणाची गरज नाही, असे समजू नये. जुलाबाची साथ असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नये, साबण-पाणीच वापरावे.
- ग्लोव्हज : माणूस बदलला की ग्लोव्हज बदलावेत आणि काढल्यावर हात धुवावेत.
- लघवीची नळी : पिशवी कमरेच्या खाली राहावी, पण जमिनीला टेकू नये. नळीची गरज संपली की डॉक्टरांना विचारून काढून घ्यावी.
- अंथरूण : खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. कोकणच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून चादरींचे जादा जोड हवेत. दमट चादर पुन्हा अंथरू नये.
- वैयक्तिक वस्तू : टॉवेल, वस्तरा, कंगवा, पेला ज्याचा त्याचा वेगळा. तयम्मुमसाठी दगड वापरत असतील तर तोही ज्याचा त्याचा.
- पाणी : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद पडला की हात धुणेही थांबते. झाकलेला साठा आणि जनरेटर आहे का, ते पाहावे. पिण्याचे पाणी उकळलेले असावे.

साथीची शंका आली तर

म्हाताऱ्या माणसाला दर वेळी ताप येतोच असे नाही. अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, जेवण सोडणे, तोल जाऊन पडणे, ही सुद्धा संसर्गाची खूण असू शकते. दोन-तीन दिवसांत दोघा-तिघांना सारखीच लक्षणे दिसली तर साथ समजून वागावे :

१. आजारी रहिवाशांना वेगळ्या खोलीत ठेवावे, त्यांच्यासाठी ठरावीक सेवक नेमावा.
२. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, मास्क वापरावा.
३. कड्या, नळ, संडास साबणाने पुसून मग जंतुनाशक लावावे. ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १ लिटर पाण्यात २० मिलीलिटर घालावे. त्यात अ‍ॅसिड किंवा फिनेल मिसळू नये.
४. खरूज असेल तर खोलीतील सर्वांवर आणि सेवकांवर एकाच वेळी उपचार करावेत.
५. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाला लगेच कळवावे आणि घरच्यांनाही सांगावे. बदनामीच्या भीतीने लपवलेली साथ जास्त जीव घेते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

हात धुवायचे बेसिन कुठे आहे, तिथे साबण आहे का? रात्री किती रहिवाशांमागे किती सेवक असतात? आजारी सेवकाला पगारी सुट्टी मिळते का? (पगार कापला जात असेल तर तो ताप लपवून कामावर येणारच.) वेगळी खोली आहे का? फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जाते का? डॉक्टर कधी येतात?

आजाऱ्याची इयादत हे सवाबाचे काम आहे, पण आपल्याला सर्दी-ताप असेल तर भेट पुढे ढकलून व्हिडिओ कॉल करावा. रमजानमध्ये इफ्तारचे ताट आणि पेला वेगळा ठेवावा. घरी सेवक ठेवून देखभाल होत असेल तरी हेच नियम लागू होतात.

मदत कुठे?

ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, आरोग्य सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ नुसार मुलांवर आई-वडिलांच्या देखभालीची जबाबदारी आहे. वृद्धाश्रमात ठेवल्याने ती संपत नाही. आठवड्यातून एकदा फोन करून तब्येतीबरोबरच तिथे कोणी आजारी आहे का, हेही विचारत राहावे.