रायपुरम स्थानक आणि 'मराठा' नावाचा लोहमार्ग

भारतीय रेल्वेच्या मराठी इतिहासलेखनाचा आरंभ 16 एप्रिल 1853 या तारखेने, बोरीबंदर–ठाणे या प्रवासाने होतो. गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (1863) पासून हा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. मात्र बोरीबंदरचे मूळ स्थानक आज अस्तित्वात नाही. उत्तर चेन्नईतील रायपुरम येथून 1 जुलै 1856 रोजी वालाजा रोडपर्यंत, सुमारे 100 किलोमीटरची, दक्षिणेतील पहिली प्रवासी गाडी सुटली. त्या स्थानकाची स्तंभयुक्त वास्तू अद्याप उभी आहे. 2005 मध्ये तिचे नूतनीकरण झाले. तारीख मुंबईची, वास्तू मद्रासची, अशी ही अग्रक्रमाची वाटणी आहे.

मराठी अभ्यासकाला या स्थानकाकडे वळवणारे कारण मात्र वेगळे आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील शेवटचे राजे शिवाजी 1855 मध्ये निपुत्रिक निवर्तले आणि कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. तमिळ प्रदेशातील मराठी राजसत्ता नाममात्र उरली होती, तीही संपली. आणि लगेच पुढील वर्षी रायपुरमहून गाडी धावली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तरीही अर्ध्या शतकानंतर 'मराठा' हे नाव मद्रासमध्ये परतले, ते लोहमार्गाच्या पाटीवर.

मद्रास रेल्वेचा वायव्येकडे जाणारा मार्ग 1871 मध्ये रायचूर येथे मुंबईहून आलेल्या जी. आय. पी. रेल्वेला मिळाला. 1873 मध्ये मद्रास सेंट्रल सुरू झाल्यावर रायपुरमचे महत्त्व ओसरले. इकडे 1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने धारवाड, हुबळी, बेळगाव, मिरज हा प्रदेश मीटरगेजने पुण्याशी जोडला. 1908 मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र येऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' अस्तित्वात आली. सेंट्रलशेजारी 1922 मध्ये उभे राहिलेले तिचे भव्य मुख्यालय आज दक्षिण रेल्वेचे आहे.

या नावावरून मराठी प्रभावाचा निष्कर्ष काढणे मोहक असले, तरी ते टिकणारे नाही. 'सदर्न मराठा कंट्री' ही इंग्रजी प्रशासनाची संज्ञा होती. पटवर्धनादी जहागीरदारांच्या सत्तेवरून ती रूढ झाली. पण त्या प्रदेशाचा बराचसा भाग कन्नडभाषक होता. म्हणजे नाव राज्यकर्त्यांचे, भाषा प्रजेची आणि भांडवल लंडनचे. साहित्याच्या तौलनिक अभ्यासातही प्रदेशनाम आणि भाषानाम एकच मानण्याची चूक वारंवार घडते. तिचा बोलका दाखला या पाटीत सापडतो.

14 एप्रिल 1951 रोजी दक्षिण रेल्वेची स्थापना झाली आणि 'मराठा' हा शब्द रेल्वेच्या नावातून गेला. भाषावार राज्यपुनर्रचना 1956 ची. म्हणजे नाव पुसले गेले ते भाषिक आग्रहाने नव्हे, तर प्रशासकीय एकत्रीकरणाने. पुढे कंपनीचा जुना मुलूखही विभागला गेला: पुणे–मिरज मार्ग मध्य रेल्वेकडे, तर हुबळीचा परिसर दक्षिण-पश्चिम रेल्वेकडे आहे. नाव कोणी दिले, कोणासाठी दिले आणि कोणी काढले, हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारल्यावाचून त्या नावावर कोणत्याही भाषेने वारसाहक्क सांगू नये. रायपुरमची वास्तू या बाबतीत अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरते. तिच्यावर 'मराठा' हे नाव नंतर आले आणि तिच्या आधी गेले.