वल्हवणाऱ्याचा कंदील : मुळा-मुठेचे पाणी आणि एक जुना सागरी नियम

पुण्यात नौकाविहार रुजला तो बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्यापाशी मुळा-मुठेवर बांध घातला गेला आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून राहू लागले. १८६७ मध्ये शेजारीच फिट्झगेराल्ड पूल उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, रॉयल कनॉट बोट क्लबची सुरुवात झाली.

हौशी साहेब येथे वल्ही मारीत होते, त्याच काळात जगभरच्या समुद्रावर एक प्रश्न गाजत होता : रात्री समोरून येणारे जहाज नेमके कोणत्या दिशेने चालले आहे, हे ओळखायचे कसे? शिडाच्या जहाजाची वाट वाऱ्यावरून ताडता येई. आगबोटीला वाऱ्याचे बंधन नव्हते, म्हणून तो अंदाजही उरला नाही.

ब्रिटनने १८४८ मध्ये उत्तर काढले. आगबोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा आणि पुढच्या डोलकाठीवर पांढरा. १८५८ मध्ये रंगीत दिवे शिडाच्या जहाजांनाही लागू झाले.

युक्ती साधी, पण विलक्षण आहे. नुसता लाल दिवा दिसला, तर समोरच्या जहाजाची डावी बाजू आपल्याकडे आहे. म्हणजे ते आपल्या डावीकडे सरकते आहे. नुसता हिरवा दिसला, तर उजवीकडे. दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट अंगावर येत आहे. उजव्या हाताकडून आडवे येणारे जहाज आपल्याला लाल दिवा दाखवते आणि आगबोटींच्या नियमानुसार अशा वेळी वाट आपणच द्यायची असते. रंगातच आज्ञा दडलेली!

मग लहान उघड्या होड्यांचे काय? दोन्ही अंगांना कायमचे दिवे बसवण्याइतकी जागा त्यांच्यात कोठून असणार? ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या विचारविनिमयातून १८६३ मध्ये नवे नियम तयार झाले, त्यांत यावर तोड निघाली. उघड्या होडीत एकच कंदील ठेवावा; त्याच्या एका बाजूला हिरवी सरकती काच, दुसऱ्या बाजूला लाल; आणि दुसरे जहाज जवळ येताच, टक्कर टळेल इतक्या वेळेत तो दाखवावा. वर्षभरातच तीसहून अधिक देशांनी हे नियम स्वीकारले.

१८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेने वल्ह्यांच्या होडीचे ओझे आणखी हलके केले. रंगीत काचा गेल्या, पांढरा कंदील पुरेसा ठरला. ‘टक्कर टळेल इतक्या वेळेत’ ही अट मात्र तशीच राहिली. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही (ती १५ जुलै १९७७ पासून अमलात आली) ती आहे. फक्त कंदिलाच्या जोडीला विजेची बॅटरी आली. गंमत अशी की, या सवलतीला लांबीची मर्यादा नाही. आठ वल्हेकऱ्यांची शर्यतीची होडी १७-१८ मीटर लांब असली तरी हातातली बॅटरी चालते. इंजिनाच्या बोटीला मात्र इतकी मोकळीक नाही. ती सात मीटरपेक्षा लहान असली आणि तिचा वेग सात नॉटच्या आत असला, तरी सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा रात्रभर जळता लागतोच.

वल्हेकऱ्याला दिव्याची गरज खरे तर अधिकच असते. शर्यतीच्या होडीत तो पाठमोरा बसतो. ज्या दिशेला होडी धावते, ती दिशाच त्याला दिसत नाही. आपण पाहू शकत नाही, तेव्हा निदान दुसऱ्याने आपल्याला पाहावे, एवढीच त्या कंदिलाकडून अपेक्षा.

आता पुण्याकडे वळू. ही नियमावली खुल्या समुद्राला आणि त्याला जोडलेल्या, सागरी जहाजे जेथवर येऊ शकतात अशा पाण्याला लागू होते. मुळा-मुठेवर सागरी जहाज येण्याचा प्रश्नच नाही. देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा कायदा यंत्राने चालणाऱ्या नौकांसाठी होता. म्हणजे कनॉट क्लबची होडी दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत राहिली. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बोट क्लबच्या होड्यांचेही तेच. त्या क्लबच्या ‘रेगाटा’त अंधार पडल्यावर मुळेच्या पाण्यावर मशाली आणि दिवे झळकतात, पण ते काठावरच्या प्रेक्षकांसाठी.

बिनयंत्राच्या नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण आले ते २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात. त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी आणि सुरक्षिततेचे किमान निकष ठरावेत, अशी तरतूद त्यात आहे.